मदरबोर्ड बदलला आणि विंडोज ओळखच दाखवेना! (ॲक्टिव्हेशनसाठी, म्हणजे विंडोजचं लायसन मायक्रोसॉफ्टकडून पक्कं करून घ्यायला, मदत हवी)

लग्नपत्रिकावाला | शनिवार, रात्री ९:५०

मंडळी, नमस्कार. सांगलीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या, पतसंस्थांचे अहवाल, येईल ते काम. २०१५ साली जोडून घेतलेला पीसी होता: आय५-४४६०, एच८१ बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम. रडतखडत चालत होता बिचारा. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ त्या बोर्डावर बसत नाही म्हणून गेल्या आठवड्यात पोटातलं सगळंच बदललं. आता बी५५० बोर्ड, रायझन ५ ५६००जी, १६ जीबी रॅम आणि नवी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी डिस्क). जुनं म्हणजे फक्त कॅबिनेट, मॉनिटर आणि मी.

ज्याच्याकडून सामान घेतलं त्यानेच विंडोज ११ टाकून दिलं. घरी आणून इंटरनेटला जोडलं, दोन दिवसांत उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी करडी अक्षरं. आमच्याकडे गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून पडद्यावरच प्रूफ बघतं. पत्रिकेत खाली उजवीकडे 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असतं ना, बरोब्बर त्यावर ती अक्षरं. परवा नवऱ्यामुलाच्या काकांनी विचारलं, "हे पण छापून येणार का?"

सेटिंगमध्ये एरर दाखवतो: झिरो एक्स ८०३ एफ ७००१.

माझं विंडोज चोरीचं नाही हो. २०१७ मध्ये विंडोज १० प्रो खोक्यातलं, पक्क्या बिलाचं घेतलं होतं. पण २०१९ च्या पुरात दुकानात कंबरेएवढं पाणी. पीसी माळ्यावर चढवला म्हणून वाचला, खोकं आणि कार्ड खालच्या कपाटात राहिलं, त्याचा लगदा झाला. की (विंडोजचा पंचवीस अक्षरांचा कोड) कुठेही लिहून ठेवलेली नाही.

दुकानदार म्हणतो ८०० रुपयांत 'लाईफटाईम' की टाकून देतो. टाकू का? लग्नसराई तोंडावर आहे, दोन दिवस पीसी बंद ठेवणं परवडणार नाही.

---

शॉर्टकट | शनिवार, रात्री १०:०४

८०० कशाला घालवता? नेटवर एक ओळीचं स्क्रिप्ट मिळतं. ॲडमिनमध्ये चिकटवा, एंटर मारा, दोन मिनिटांत काम. मी घरच्या तिन्ही पीसीला तेच केलंय.

---

सोल्डरताई | शनिवार, रात्री १०:३१

शॉर्टकट, तुमच्या घरी काय करायचं ते करा. यांच्या पीसीवर लोकांचे आधार, पॅन, पतसंस्थेचे हिशोब येतात. अनोळखी स्क्रिप्टला ॲडमिनचे हक्क द्यायचे, त्यासाठी अँटिव्हायरस बंद ठेवायचा, आणि तेही पैसे देऊन घेतलेलं लायसन हातात असताना? काही गरज नाही.

दादा, ८०० पण देऊ नका, निदान आज तरी. अशा स्वस्त की बऱ्याचदा कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम लायसनमधल्या असतात किंवा भंगारात गेलेल्या यंत्रांच्या. आज चालतात. संस्थेने किंवा मायक्रोसॉफ्टने ती की बाद केली की तुमचा 'लाईफटाईम' संपला.

माझं नाशिकला दुरुस्तीचं दुकान आहे, आठवड्याला दोन-तीन केस याच येतात. लोक आधी दहा उपाय करतात आणि मग विचारतात. आपण उलटं करू, आधी बघू की यंत्रावर नेमकं काय बसवलंय.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल. त्यात एसएलएमजीआर, मग एक जागा सोडून स्लॅश, मग डीएलआय. (मी देवनागरीत लिहितेय, तुम्ही अर्थातच इंग्रजी अक्षरं टाका.) पाचेक सेकंद थांबा, एक खिडकी उघडेल. त्यात तीन गोष्टी बघा: नावाच्या ओळीत कुठली एडिशन आहे, चॅनल कुठला आहे, आणि 'पार्शियल प्रॉडक्ट की'पुढची शेवटची पाच अक्षरं. ती इथे द्या. पाचच अक्षरं असतात, घाबरू नका.

तोवर एवढं लक्षात घ्या. लायसन ढोबळमानाने तीन जातींचं. ओईएम म्हणजे यंत्राबरोबर आलेलं, ते बोर्डाशी लग्न लावून येतं, बोर्ड गेला की तेही गेलं. रिटेल म्हणजे तुम्ही खोक्यातून घेतलेलं, ते दुसऱ्या यंत्रावर नेता येतं, फक्त एका वेळी एकाच. तिसरं व्हॉल्यूम, कचेऱ्या-कॉलेजांचं. तुमचं रिटेल आहे, म्हणजे तुमचा हक्क शाबूत आहे. तो सिद्ध कसा करायचा एवढाच प्रश्न.

---

उबुंटूचा_बोका | शनिवार, रात्री ११:१५

काका, या कटकटीतून कायमचे सुटा. लिनक्स टाका. ना की, ना ॲक्टिव्हेशन, बोर्ड रोज बदला! मराठी इनस्क्रिप्ट पहिल्या दिवसापासून चालतं.

---

लग्नपत्रिकावाला | रविवार, सकाळी ८:१२

बोकोबा, कोरल ड्रॉ आणि पंधरा वर्षांच्या फायली कुठे नेऊ? फॉन्टचं डोंगल वेगळंच.

ताई, केलं. खिडकीत असं आलंय: 'विंडोज, कोअर एडिशन'. खाली 'रिटेल चॅनल'. पाच अक्षरं: ८ एच व्ही एक्स ७. लायसन स्टेटस: नोटिफिकेशन.

रिटेल दाखवतंय म्हणजे माझंच लायसन आहे ना? मग अडलं कुठे? आणि हे कोअर काय प्रकरण आहे, प्रोसेसरचे कोअर मोजतंय का?

---

जुनाखोड | रविवार, सकाळी ९:४०

अवांतर. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो, हे ॲक्टिव्हेशनचं खूळ घराघरात आलं २००१ साली, विंडोज एक्सपीबरोबर. तेव्हाचं यंत्र दहा गोष्टी मोजायचं: रॅम किती, हार्ड डिस्क कुठली, डिस्प्ले कार्ड, सीडी ड्राइव्ह, नेटवर्क कार्डचा पत्ता वगैरे. ठरावीक संख्येपेक्षा जास्त बदललं की रुसायचं. नेटवर्क कार्डाला जास्त मतं होती. ते तेच राहिलं तर बाकीचं बरंच बदललेलं चालायचं. मग टोल-फ्री नंबर फिरवायचा, पडद्यावरचे सहा-सहा आकड्यांचे गट वाचून दाखवायचे, समोरून उत्तरादाखल आलेले आकडे लिहून घ्यायचे. माझी बायको तिकडून विचारायची, "लॉटरी लागली का?"

विंडोज १० पासून हिशोब बदलला. यंत्राच्या भागांवरून एक ठसा तयार होतो, तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तुमच्या लायसनसमोर लिहिला जातो. यालाच डिजिटल लायसन म्हणतात. त्यामुळे त्याच यंत्रावर कितीदाही फॉरमॅट मारा, की विचारत नाही. रॅम वाढवली, एसएसडी टाकली, ग्राफिक कार्ड बदललं तर सहसा काही बोलत नाही. बोर्ड बदलला की मात्र त्याच्या लेखी ते नवंच यंत्र. गाव तेच, घर तेच, सातबाऱ्यावर नाव दुसरं.

---

सोल्डरताई | रविवार, सकाळी १०:२०

जुनाखोड, सातबाऱ्याला शंभर टक्के सहमत. दादा, तुमचा चोर सापडला.

कोअर म्हणजे विंडोज होम. मायक्रोसॉफ्टच्या आतल्या भाषेत होमला कोअर म्हणतात. तुमचं लायसन प्रोचं आहे, दुकानदाराने टाकलंय होम. आणि ८एचव्हीएक्स७ ही कुणाचीच खासगी की नाही. इन्स्टॉल करताना 'माझ्याकडे की नाही' म्हटलं आणि होम निवडलं की ही जेनेरिक की आपोआप बसते. ती फक्त विंडोज बसवते, ॲक्टिव्हेट करत नाही. समोरचं 'रिटेल' हे त्या जेनेरिक कीचं चॅनल आहे, तुमच्या लायसनचं नव्हे. यात भलेभले फसतात.

प्रोचं लायसन होमला चालत नाही आणि होमचं प्रोला चालत नाही. म्हणून आधी तुमचं होम प्रो करू. फॉरमॅट नको, फायली जागच्या जागी राहतील.

आधी इंटरनेट तोडा. केबल काढा, वायफाय बंद करा. नेट चालू असताना केलं तर ते तिथल्या तिथे ॲक्टिव्हेट करायला जातं आणि अडतं. मग सेटिंग, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, 'चेंज प्रॉडक्ट की'. तिथे प्रोची जेनेरिक की टाका. ही सार्वजनिक आहे, चोरीची नाही, आणि हिने ॲक्टिव्हेशन होत नाही, फक्त एडिशन बदलते:

व्ही के ७ जे जी – एन पी एच टी एम – सी ९ ७ जे एम – ९ एम पी जी टी – ३ व्ही ६ ६ टी

थोडा वेळ घेईल, रीस्टार्ट होईल. मग परत तीच डीएलआयची कमांड चालवा. आता 'प्रोफेशनल एडिशन' आणि ३व्ही६६टी दिसायला हवं. दिसलं की नेट जोडा आणि ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'ट्रबलशूट' दाबा. ते आधी 'जमलं नाही' म्हणेल, तिथेच खाली 'आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रीसेंटली' अशी बारीक ओळ असते. लोक ती न बघताच खिडकी बंद करतात. ती दाबा, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करा.

आणि आता जीव मुठीत धरून विचारते. जुन्या पीसीवर असताना लायसन कुठल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं होतं का? ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'लिंक्ड टू युअर मायक्रोसॉफ्ट अकाउंट' असं कधी वाचल्याचं आठवतं का? २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून ही सोय आहे. जोडलेलं असेल तर दहा मिनिटांचं काम.

---

म्हापशेकरीण | रविवार, सकाळी ११:०५

धाग्यात घुसते, माफ करा. माझ्या लॅपटॉपचा बोर्ड वॉरंटीत बदलून मिळाला आणि मलाही हाच त्रास. पाच वर्षं जुना, विंडोज होम कंपनीतूनच आलेलं. मागे स्टिकर आहे पण त्यावर की नाहीच! सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, 'विंडोज आमच्याकडे येत नाही, नवीन घ्या.'

---

सोल्डरताई | रविवार, सकाळी ११:३२

ताई, तुमची केस वेगळी. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीच्या लॅपटॉपची की स्टिकरवर नसते, बोर्डाच्या बायोसमध्ये (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) कोरलेली असते. बोर्ड बदलला की जुनी की जुन्या बोर्डाबरोबर गेली. पण उत्पादकाने स्वतः, खराबीमुळे, वॉरंटीत बोर्ड बदलला तर लायसन तुमचंच राहतं. नव्या बोर्डात की भरून देणं हे त्यांचं काम आहे.

खात्री करून घ्या. पॉवरशेल (विंडोजमधली कमांड टाकायची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडा आणि हे इंग्रजीत टाका: गेट-सिमइन्स्टन्स सॉफ्टवेअरलायसन्सिंगसर्व्हिस, मग उभी रेघ, मग सिलेक्ट ओए३एक्सओरिजिनलप्रॉडक्टकी. जुन्या व्हिडिओंमध्ये डब्ल्यूएमआयसीची कमांड सांगतात, ती नव्या विंडोज ११ मध्ये बहुधा मिळणारच नाही. खाली पंचवीस अक्षरं आली तर की बोर्डात आहे, ती ॲक्टिव्हेशनच्या पानावर टाकून बघा. रिकामं आलं तर त्याचा फोटो आणि जॉबशीट घेऊन परत जा. तोंडी बोलू नका, लेखी तक्रार क्रमांक घ्या. 'नवीन घ्या' हे उत्तर चालायचं नाही.

---

लग्नपत्रिकावाला | रविवार, दुपारी १:१८

अर्धी लढाई जिंकलो. पहिल्यांदा की घेईनाच. तीनदा टाकली. चौथ्यांदा चष्मा लावून बघितलं तर 'एन'च्या जागी 'एम' टाकत होतो. आयुष्य गेलं दुसऱ्यांच्या पत्रिकांतली शुद्धलेखनं तपासण्यात!

आता 'प्रोफेशनल' आणि ३व्ही६६टी दिसतंय. ट्रबलशूटमधली ती बारीक ओळही सापडली. माझ्या ईमेलने लॉगिन केलं. यादीत एकच यंत्र, आत्ताचंच. जुन्याचा पत्ता नाही. म्हणजे जोडलेलंच नव्हतं? गेलं का माझं लायसन?

---

निळा_पडदा | रविवार, दुपारी १:४५

जे अजून बोर्ड बदलायचे आहेत त्यांनी हे आधी वाचा. ॲक्टिव्हेशन परवडलं, पण बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) तपासा. नव्या विंडोज ११ मध्ये बऱ्याच यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ताही नसतो. बोर्ड बदलला की टीपीएम (त्या कुलपाची किल्ली सांभाळणारी चिप) बदलते, आणि पहिल्याच सुरुवातीला निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा गेला, कुणाचा बाप परत आणू शकत नाही. आमच्याकडे नागपूरला एका वकीलसाहेबांचं हेच झालं, तीन वर्षांची प्रकरणं होती त्यात. बोर्ड काढायच्या आधी सेटिंगमधून एन्क्रिप्शन बंद करा, निदान की कागदावर लिहून घ्या.

---

सोल्डरताई | रविवार, दुपारी २:१०

निळा_पडदा, हे पहिल्या प्रतिसादातच मी लिहायला हवं होतं. धन्यवाद.

दादा, एवढ्यात हार मानू नका. यादीत जुनं यंत्र न दिसण्याची सगळ्यात मोठी शक्यता म्हणजे खातं चुकलंय. लायसन माणसाला जोडलेलं नसतं, खात्याला असतं. २०१७ नंतर त्या पीसीवर अजून कुणी लॉगिन केलं होतं? मुलं, भाचे, कामावरचा पोऱ्या? वनड्राइव्ह किंवा वर्डसाठी कुणी ईमेल टाकला असेल आणि तो ॲडमिन असेल, तर लायसन नकळत त्याच्या खात्याला चिकटलं असणार. ज्याच्यावर संशय आहे त्याला मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवर 'डिव्हायसेस'चं पान उघडायला सांगा. जुन्या पीसीचं नाव तिथे दिसायला हवं.

बाकीची कारणंही सांगून ठेवते. एडिशन जुळत नसेल (ते आपण निस्तरलं), जुनं विंडोज मुळात कधी ॲक्टिव्हेट झालेलंच नसेल, दुसऱ्या ॲडमिनने आधीच ते लायसन दुसरीकडे नेलं असेल, किंवा पुन्हा पुन्हा नेऊन मर्यादा संपली असेल. होय, मर्यादा असते.

आणि जुनी एसएसडी कुठे आहे? फॉरमॅट केली नसेल तर करू नका. खात्याचा मार्ग खुंटला तर त्यातल्या जुन्या विंडोजच्या रजिस्ट्रीतून (आतल्या नोंदवहीतून) की काढून बघता येईल.

---

लॅबवाले_सर | रविवार, दुपारी ३:०२

सोलापूरहून. कॉलेजच्या लॅबमध्ये १५ पीसींचे बोर्ड बदलले, एकाच इमेजवरून (तयार विंडोजच्या प्रतीवरून) विंडोज चढवलं. आता झिरो एक्स सी ००४ एफ ०७४. हे पण खात्याला जोडायचं का?

---

सोल्डरताई | रविवार, दुपारी ३:२०

नाही सर, तुमचं केएमएस आहे, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून होणारं व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन. पाच अक्षरं टी८३जीएक्स (केएमएसची जेनेरिक की) असतील बघा. तो कोड म्हणजे पीसीला तुमच्या कॅम्पसमधला केएमएस सर्व्हर सापडत नाही. डीएनएस, फायरवॉलमध्ये १६८८ पोर्ट, आणि नव्या बोर्डांवरची तारीख-वेळ तपासा. इमेज चढवण्याआधी सिसप्रेप (प्रतीतली मूळ यंत्राची ओळख पुसणं) केलं होतं का? केलं नसेल तर पंधराही पीसी सर्व्हरला एकच वाटतात आणि किमान २५ ची मोजणी पुढे सरकत नाही. ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं, कॅम्पसच्या नेटवर्कवर असेपर्यंत आपोआप नवं होतं. पुढचं वेगळ्या धाग्यात बोलू, इथे दादांचं राहून जाईल.

(आणि हो, घरच्या पीसीवर टी८३जीएक्स दिसली तर समजा, कुणीतरी जुगाड करून ठेवलाय. तुमच्या हॉलमध्ये कुठला आलाय केएमएस सर्व्हर?)

---

शॉर्टकट | रविवार, दुपारी ३:४१

माझ्या तिन्हीवर टी८३जीएक्स आहे. 😐

---

लग्नपत्रिकावाला | रविवार, रात्री ८:५५

झालं!! कोपऱ्यातली अक्षरं गेली!!

कसं ते सविस्तर लिहितो, कुणाला तरी उपयोगी पडेल. ताईंचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "अहो, पोरीने बारावीला असताना प्रोजेक्ट केलं नव्हतं का दुकानात बसून?" लगेच लेकीला फोन. ती आता चिंचवडला नोकरीला. म्हणाली, २०१८ मध्ये तिनेच तिचा ईमेल टाकला होता, वनड्राइव्हला फायली ठेवायला. तिने मोबाईलवर डिव्हायसेसचं पान उघडलं आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तीन यंत्रं: तिचा कॉलेजचा लॅपटॉप, आत्ताचा लॅपटॉप, आणि 'डीटीपीशॉप'. आठ वर्षं आमचं लायसन पोरीच्या नावावर होतं आणि मी इकडे पुरातल्या लगद्यासाठी रडत होतो.

ट्रबलशूटमध्ये तिचा ईमेल टाकला. कोड तिच्या फोनवर गेला. ती तेव्हा मैत्रिणीच्या डोहाळजेवणात, मागे गाणी चाललेली. तीनदा ओरडून आकडे सांगितले, तोवर पहिला कोड शिळा झाला, दुसरा मागवला. मग विंडोजने या पीसीचा सध्याचा पासवर्ड विचारला. माझा पासवर्डच नाही, रिकामं ठेवून पुढे गेलो. यादी आली. घाईत तिच्या लॅपटॉपवर टिक करणार होतो, तिनेच फोनवरून "पप्पा, नाव वाचा!" म्हणून थांबवलं. 'डीटीपीशॉप' निवडलं, 'हेच यंत्र मी आत्ता वापरतोय'वर टिक, ॲक्टिव्हेट. चार-पाच सेकंद गोल फिरलं आणि हिरवी खूण.

ताई, तुमचा पत्ता द्या, पुढच्या दिवाळीला कॅलेंडरं छापून पाठवतो. ८०० रुपयांची की नको म्हणून दुकानदाराला कळवलंय. तो म्हणाला, "होम काय, प्रो काय, दिसायला सारखंच."

---

सोल्डरताई | रविवार, रात्री ९:१७

वाचून हायसं वाटलं! कॅलेंडर नको, पत्रिकेच्या गठ्ठ्याला बांधतात ती जाड सुतळी पाठवा, इथे तशी मिळत नाही.

---

घाटावरचा | सोमवार, सकाळी ७:३०

मस्त धागा. माझ्याकडे विंडोज ७ चं स्टिकर आहे, कीसकट. २०१६ ला त्यावरूनच फुकटात १० घेतलं होतं. बोर्ड बदलल्यावर ती ७ ची की टाकली तर घेत नाही. मित्राची २०२२ मध्ये घेतली होती!

---

सोल्डरताई | सोमवार, सकाळी ९:०५

फुकट अपग्रेडची योजना अधिकृतपणे २९ जुलै २०१६ लाच संपली होती. पण ७-८ च्या की त्यानंतरही कितीतरी वर्षं गुपचूप चालत राहिल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते दारही लावून घेतलं. शिवाय यंत्रावर चिकटवलेलं स्टिकर म्हणजे ओईएम, ते जुन्या बोर्डाचं. तुम्हाला नवं लायसन घ्यावं लागेल, गोड बोलून उपयोग नाही.

---

लग्नपत्रिकावाला | सोमवार, सकाळी ११:४०

ताई, शेपूट राहिलंय. आज पीसी चालू केला तर लॉगिनला लेकीचा फोटो आणि नाव. आत गेलो तर वनड्राइव्ह तिच्या ट्रिपचे फोटो माझ्या डेस्कटॉपवर उतरवतंय. गिऱ्हाईक समोर बसलेलं. मला पूर्वीसारखं लोकल हवंय, पण परत लायसन रुसलं तर?

---

सोल्डरताई | सोमवार, दुपारी १२:०३

रुसणार नाही. सेटिंग, अकाउंट्स, 'युअर इन्फो'मध्ये लोकल खात्यावर परत जायची सोय आहे. आधी वनड्राइव्हमधून साइन आउट करा. लायसनची नोंद आता नव्या बोर्डासमोर झालीय, लॉगिन कुठल्याही नावाने करा. हवं तर मागाहून तुमचं स्वतःचं खातंही ॲक्टिव्हेशनच्या पानावर जोडा, म्हणजे पुढच्या वेळी डोहाळजेवणात फोन करावा लागणार नाही.

---

म्हापशेकरीण | सोमवार, सायंकाळी ६:२०

पॉवरशेलमध्ये रिकामं आलं. फोटो आणि जॉबशीट घेऊन गेले. आधी तोच सूर, मग लेखी मागितल्यावर आतून दुसरे गृहस्थ आले आणि म्हणाले, 'बोर्डात माहिती भरायची राहिलीय, दोन तास द्या.' दोन तासांत झालं. माझा दीड महिना गेला होता यात.

---

जुनाखोड | सोमवार, रात्री ८:०२

लग्नपत्रिकावाले, एक शंका. जुना बोर्ड काय केलात?

---

लग्नपत्रिकावाला | सोमवार, रात्री ८:३०

पुतण्याला दिला ना. जुनी एसएसडी, जुनी रॅम, नवं कॅबिनेट. दहावीला आहे, अभ्यासाला होईल म्हणून. विंडोज १० तसंच आहे त्यावर, ॲक्टिव्हेटेड दाखवतंय.

---

सोल्डरताई | सोमवार, रात्री ८:४८

जुनाखोड, तुम्ही वकील होता का?

दादा, रिटेल लायसन एका वेळी एकाच यंत्रावर. ते तुम्ही आता नव्या बोर्डावर नेलंत. पुतण्याच्या यंत्रावर आज हिरवं दिसत असलं तरी तिथे ते राहायला नको. उद्या त्याने लेकीच्या खात्यावरून काही केलं तर भांडण तुमच्याच यंत्रावर येईल. विंडोज १० ला तसंही आता नवी अपडेट नाहीत, नोंदणी करून जादा सुरक्षा अपडेट घेतली तरी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. त्याला एकतर वेगळं लायसन घ्या, नाहीतर...

---

लग्नपत्रिकावाला | सोमवार, रात्री ९:०१

नाहीतर काय ते कळलं. पुतण्याला विचारलं, त्याला कोरल ड्रॉ लागत नाही. बोकोबा, आहात का?

---

उबुंटूचा_बोका | सोमवार, रात्री ९:०३

शनिवारपासून याचीच वाट बघतोय! ८ जीबी आणि आय५ म्हणजे लिनक्स मिंट पळेल त्यावर. काका, मी मिरजेलाच असतो. रविवारी पेनड्राइव्ह घेऊन येतो, तुम्ही फक्त त्याच्या फायली आधी दुसरीकडे काढून ठेवा.

---

लग्नपत्रिकावाला | सोमवार, रात्री ९:१०

या. जेवायलाच या.